वाडा पाडायचाच असेल तर उतरवा

जुन्या नाशकातल्या वाडेमालकांना, पुण्या-मुंबईला नि त्याहून लांब गेलेल्या त्यांच्या वारसांना, वाड्यांत अजून राहणाऱ्या भाडेकरूंना आणि पाडकामाचा ठेका घेणाऱ्या भाऊमंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी सुताराची मुलगी आणि आता स्वतः सुतार. आडगाव नाक्याच्या पुढे आमचं पत्र्याचं शेड आहे. वडिलांनी आयुष्यभर नव्या लाकडाच्या चौकटी आणि कपाटं केली. मी त्यांचा हिशेब लिहिता लिहिता रंधा हातात घेतला आणि गेली अठरा वर्षं फक्त जुनं लाकूड घेते, बहुतेक तुमच्याच वाड्यांचं. त्याची टेबलं, बाकं, झोपाळे, दिवाण करते. थोडक्यात, तुमचा वाडा पडला की माझ्या घरची चूल पेटते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी ‘हिला काय जातंय बोलायला’ म्हणायला नको.

गेल्या ज्येष्ठात तिवंध्याकडच्या एका वाड्यातून निरोप आला. ‘ताई, उद्या सकाळी नऊला या, लाकूड बघून घ्या.’ मी पावणेनऊला पोचले. जेसीबी आदल्या दिवशी दुपारीच येऊन गेला होता. चौक होता तिथे माती, विटा, कौलं, एक फुटका रांजण आणि त्या सगळ्यातून वर आलेली लाकडं. पुढच्या सोप्याचा, म्हणजे ओसरीचा, बहाल (खांबांवरची मुख्य तुळई), दहा बाय बारा इंचांचा, चौदा फुटी, एकसंध, मधोमध काडीसारखा मोडलेला. बाहेरून काजळीने काळाठिक्कर, पण मोडलेल्या तोंडाला आतला रंग मधासारखा, आणि वास तर असा, की हे झाड काल तोडलं म्हटलं तरी पटावं. चार खांबांपैकी तीन रात्रीच टेम्पोत चढून गेले होते. चौथा ढिगात कमरेपर्यंत रुतलेला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ‘हा घेऊन जा, फाटलाय. वखारवाला नको म्हणाला.’

घेऊन आले. शेडमध्ये आडवा टाकून ब्रशने माती झाडली, तर वरच्या कुसवावर, म्हणजे खोबणीत बसणाऱ्या टोकावर, पटाशीने मारलेल्या चार बारीक रेघा दिसल्या. एकाच अंगाला, एकमेकींना चिकटून, दोन-दोन सुताची खोली. मी त्या पहिल्यांदा पाहिल्या असं नाही. पण त्या दिवशी त्यांच्याकडे बघताना माझा हात थांबला, आणि हे पत्र तिथून सुरू झालं.

त्या रेघा नक्षीच्या नाहीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वीचा सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा. खांबाचं कुसू हस्ताच्या (खांबावरच्या आडव्या आधाराच्या) आणि बहालाच्या खोबणीत बसतंय का बघायचा, पाचर मारून पाहायचा, आणि जुळलं की दोन्ही बाजूंना सारखी खूण करायचा. एक रेघ, दोन रेघा, तीन. मग सगळं सोडवायचं आणि एकेक करून वर चढवायचं. चार रेघांचा खांब चार रेघांच्या खोबणीतच जाणार, आणि खुणेचं अंग ठरलेल्या बाजूला राहणार. म्हणजे तुमचा वाडा हा मुळात जोडून उभा केलेला एक मोठा दिवाण आहे म्हणा ना. भिंती भरण्याच्या, वजन लाकडावर. खांबाखाली दगडी तळखडा, वर हस्त, त्यावर बहाल, बहालावर कड्या म्हणजे बारीक आडव्या तुळया, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या, पाटावर मातीचा जाड थर. खिळे आहेत, पण ते फळ्यांना आणि दरवाजांना. मुख्य सांधे कुसू, मेख आणि पाचर एवढ्यावर धरलेले.

जे असं जुळवून चढवलं, ते तसंच सोडवता येतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पाडू नका, उतरवा.

‘पाडणं’ आणि ‘उतरवणं’ यात फरक काय, तो क्रमाचा. आधी कौलं, मग रिपा, वासे, आढं. त्यानंतर वरच्या मजल्याची माती फावड्याने काढून घमेल्याने खाली, आणि हेच काम लोक टाळतात, कारण ते कंटाळवाणं आहे. ही माती तशीच ठेवून पाट उचकटायला गेलं की पाट चिरतात, आणि पावसात भिजलेली असली तर अख्खा मजलाच खाली येतो. माती गेली की पाट सुटे होतात, कड्या हाताने उचलता येतात. बहालाला दोन टोकांना दोर, वर चेनब्लॉक, सांध्यातली पाचर उलट बाजूने ठोकून काढायची, आणि तो सावकाश खाली घ्यायचा. शेवटी खांब. खांब निघाला की त्याचा तळखडाही जोडीने ठेवायचा. चौकटीला मात्र हातोडा लावायचा नाही. दोन्ही बाजूंची भिंत आधी मोकळी करायची, चौकट आपोआप सुटते. दोन चौकांच्या वाड्याला सहा माणसं आणि दोन आठवडे, असा आमचा अनुभव. जेसीबीला दीड दिवस.

मग तो दीड दिवसच का निवडला जातो? कारण सौदा उक्ता होतो. ‘लाकूड तुमचं, पाडकाम फुकट, राडारोडाही आम्हीच उचलू.’ मालक सुटकेचा श्वास सोडतात. सतरा वारसांच्या सह्या गोळा करून ते आधीच दमलेले असतात, कोण कड्या मोजत बसणार! पण एकदा मोजून तर बघा. लाकडाचा हिशेब सोपा आहे. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं, की घनफूट निघतात. आठ बाय आठचा नऊ फुटी खांब बरोबर ४ घनफूट. वर सांगितलेला तो मोडलेला बहाल साडेअकरा घनफुटांच्याही वर, वजनाने दोनशे किलोच्या आसपास. चार बाय पाचाची आठ फुटी एक कडी सव्वा घनफुटाला थोडी कमी, पण वाड्यात अशा शंभर असल्या तर झाले ना शंभराच्या वर घनफूट! आणि सहा जणांच्या जेवणाच्या टेबलाची, ५ बाय ३ फुटांची, सव्वा इंच जाडीची पाटी किती लाकूड खाते? साधारण दीड घनफूट. तुटफूट धरून दोन. आता वखारीत जाऊन आजचा सागाचा भाव विचारा आणि तुम्ही ठेकेदाराला नेमकं काय ‘फुकट’ दिलंत ते घरी बसून शांतपणे काढा.

पैशाचं एवढंच. पैशाचं बोलल्याशिवाय जुन्या नाशकात कुणी कान देत नाही म्हणून बोलले.

आता लाकडाचं. ‘जुन्या सागाची सर नव्याला नाही’ हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. ते खरं आहे, पण सांगितलं जातं त्या कारणाने नाही. लोक म्हणतात, जुन्या झाडाची वलयं दाट, म्हणून ते मजबूत. सागाच्या बाबतीत नुसती दाट वलयं म्हणजे ताकद असं गणित बसत नाही. खरी गोष्ट अशी, की मोठ्या वयाच्या झाडात गाभ्याचं लाकूड जास्त आणि बाहेरचं पांढरं लाकूड कमी. सागाचं तेल आणि वाळवीला नकोशी वाटणारी द्रव्यं त्या गाभ्यात असतात. लागवडीचा साग वीस-पंचवीस वर्षांत कापला जातो, त्यात पांढरं जास्त, म्हणून भुंगा आधी तिथे लागतो. दुसरं म्हणजे, वाड्याच्या खांबाने इतके उन्हाळे आणि इतके पावसाळे काढलेत, की त्याला जेवढं वाकायचं होतं तेवढं तो वाकून मोकळा झालाय. वखारवाल्याने ‘फाटलाय’ म्हणून टाकलेला माझा चौथा खांब तसाच. ती भेग जुनी आहे, तिच्या आत काजळी गेलेली आहे. ती आता पुढे सरकायची नाही.

नाशकाच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा आणि घाट उतरून डांग, हा सगळा सागाचा पट्टा. आपल्या वाड्यांतलं बरंचसं लाकूड तिकडून बैलगाड्यांनी आलं, असं वडील सांगायचे. या सागाची किंमत इंग्रजांना चांगली कळली होती. १८४२ साली त्यांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलं भाडेपट्ट्याने घेतली, ती याच लाकडासाठी. आणि साग किती टिकतो याचा पुरावा पाहिजे तर मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी मलबारी सागाचं बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ नावाचं लढाऊ जहाज घ्या. ते १८१७ साली पाण्यात उतरलं, म्हणजे पेशवाई बुडायच्या आदल्या वर्षी. पेशवाई गेली, इंग्रज गेले, जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतंय. आणि आपण त्याच जातीचं लाकूड भट्टीवाल्याला जळण म्हणून देतो. दिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. कोरलेल्या हस्ताचे तुकडे, हरभऱ्याच्या भट्टीत.

हे लाकूड कामाला घेणं मात्र सोपं नाही, आणि ज्यांना ‘जुनं ते स्वस्त’ वाटतं त्यांनी एकदा शेडवर येऊन बसावं. पहिले दोन दिवस आम्ही लाकूड कापत नाही, खिळे शोधतो. डोळ्यांनी, लोहचुंबकाने, मग हातातल्या डिटेक्टरने. कॅलेंडराचा खिळा, विजेच्या वायरीच्या पट्टीचे चुके, लग्नातल्या माळांचे, गौरी-गणपतीच्या मखराचे. वर्षानुवर्षं प्रत्येक पिढीने त्याच खांबात ठोकलेले आणि डोकं मोडून आतच राहिलेले. एक खिळा सुटला की पट्ट्याच्या करवतीचं पातं गेलं. लोहाराने घडवलेला चौकोनी जुना खिळा निघाला तर तो मी डब्यात ठेवते, त्याचा लोभ आहे मला. खिळ्याच्या भोवती लाकूड काळं पडतं, ते रंध्याने जात नाही आणि मी घालवतही नाही. भोकात लांबी भरण्याऐवजी त्याच लाकडाची खुंटी बसवते.

रंगाचं तर जरा जपूनच. वाड्यांना वर्षानुवर्षं ऑइल पेंट दिलेला आहे, हिरवा, चॉकलेटी, मग परत हिरवा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत नव्वद भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या थरांत किती शिसं आहे ते देवाला ठाऊक. ज्योत लावून रंग जाळू नका, कोरडा घासू नका, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर अंगणातसुद्धा नाही. ओलं करून खरवडायचं, तोंडाला नीट मास्क, खरवड गोळा करून वेगळी. आमच्याकडे पूर्वी एक मिस्त्री बिडी ओढत ओढत जुन्या दारांचा रंग जाळायचे. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

एक चूक माझीही सांगते, नाहीतर हे पत्र फारच शहाणपणाचं होईल. २०१६ च्या ऑगस्टात गोदेला पूर आला, सराफ बाजारात, भांडीबाजारात पाणी शिरलं. त्यानंतर दोन वाड्यांचं लाकूड माझ्याकडे आलं. वरून वाळलेलं दिसत होतं. एका घरची दिवाळीची घाई होती, आणि मलाही पैशांची. टेबल करून दिलं, छान दिसलं, फराळाच्या ताटांसकट फोटो आला. होळीला फोन आला. पाटीच्या तीन जोडांत रुपयाचं नाणं सहज आत जाईल एवढ्या फटी, आणि एक कोपरा ताटासारखा वर आलेला. कोरडं जुनं लाकूड एवढं हललं नसतं, पण मी ते पुरात भिजलेलं घेतलं, म्हणजे त्याला नव्यासारखंच करून ठेवलं होतं. टेबल परत आणलं, सोडवलं, पुढच्या वर्षी दुसरं दिलं. तेव्हापासून भिजलेलं लाकूड सावलीत, खाली पट्ट्या घालून, हवा खेळेल असं रचते, आणि ओलावा मोजणाऱ्या मीटरचा काटा बारा टक्क्यांच्या आत आल्याशिवाय त्याला करवत लावत नाही. म्हणूनच तुम्हाला सांगते, उतरवायचं तर उन्हाळ्यात उतरवा. महापालिकेच्या धोकादायक वाड्यांच्या नोटिसा पावसाळ्याच्या तोंडावर येतात, आणि मग सगळे एकदम आषाढात जागे होतात. चिखलातून ओढलेलं लाकूड, त्यावर प्लॅस्टिक झाकलेलं, म्हणजे आतल्या आत कुजवण्याची उत्तम सोय.

काय कापायचं आणि काय नाही, यावर माझं आणि काही गिऱ्हाइकांचं जमत नाही. साध्या चौकोनी कड्या, बिननक्षीचे बहाल, पाट, वासे हे मी बिनदिक्कत कापते. त्यांचा जन्म वजन धरण्यासाठी झाला, टेबल झाले तरी ते वजनच धरतील. पण सुरूदार (सुरूच्या झाडासारखे कोरलेले) खांब, केळफुलाचे लोलक, महिरपी, दारावरची गणेशपट्टी, कोरीव हस्त यांना मी करवत लावत नाही. आठ इंची सुरूदार खांबातून सव्वा इंचाच्या पाच फळ्या निघतात, हे मला पाठ आहे. तरी नाही. मागे एकांनी गणेशपट्टीचा बार-काउंटर करून मागितला होता. मी म्हटलं, दादा, दुसरीकडे बघा. अशा वस्तू अख्ख्या वापरायच्या. नव्या इमारतीच्या प्रवेशालाच ती पट्टी बसवली तर बिल्डरचं काय बिघडतं? भिंतीत दीड इंचाची खाच पाडायची, बस. आणि अमेरिकेतल्या ज्या वारसांना ती तिकडे न्यायची आहे त्यांनी जरा थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या पणजोबांची असली तरी.

नकलीबद्दलही दोन शब्द, कारण आता ‘वाड्याचं लाकूड’ हा शब्दच विकायला लागलाय. द्राक्षमळ्यांकडे झालेल्या रिसॉर्टांत, गंगापूर रोडच्या कॅफेंत, सगळीकडे वाड्याचं लाकूड. एवढे वाडे नाशकात होते तरी का? नव्या लाकडाला साखळीने ठोकतात, व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस भिजवून ते पाणी फासतात, की झालं दोनशे वर्षांचं. ओळखायचं कसं? खिळ्याचं भोक बघा. खऱ्या जुन्या भोकाची काळी झाक लाकडात खोल गेलेली असते, नकलीची वरवर. पाटीच्या खालच्या बाजूला हात फिरवा. वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, तासलेलं अंग लाटांसारखं लागतं आणि कुठलीही लाट दुसरीसारखी नसते. आणि विकणाऱ्याला विचारा, कुठल्या गल्लीतला वाडा? डिंगरआळी की घनकर गल्ली? सोप्याचा की माजघराचा? खरं लाकूड असेल तर त्याला सांगता यायला पाहिजे.

पण इथेच आपली गोची आहे. सांगता येत नाही. माझ्या शेडमध्ये आज जे लाकूड आहे त्यातलं निम्मं कुठल्या वाड्याचं, हे मलाही माहीत नाही. वखारीतून आलं की त्याचं गाव, गल्ली, घर सगळं पुसलेलं असतं. म्हणून माझी दुसरी मागणी फुकटातली आहे. उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक दालनाचे, खालून वर बघत. मग खडूने, नाहीतर पत्र्याच्या बिल्ल्याने नंबर घाला. सोप्याचा खांब एक, दोन, तीन. माजघराच्या कड्या डावीकडून उजवीकडे. एका वहीत लिहा. त्या पहिल्या सुताराने पटाशीने जे केलं तेच आपण खडूने करायचंय. तो काही वास्तुविशारद नव्हता, दिवसाच्या मजुरीवर होता. त्याला वेळ मिळाला, मग आपल्याला का नाही?

या वहीचा उपयोग काय, विचाराल. डिंगरआळीतल्या एका आजींनी वाडा उतरवताना माजघरातली एक कडी बाजूला काढायला लावली. तिला लोखंडी कडं होतं. त्या म्हणाल्या, ‘हिचं काहीही कर, पण हे कडं काढायचं नाही. हिला पाच पाळणे टांगलेत, माझ्या नवऱ्याचा धरून.’ त्या कडीचं मी बाक केलं. बाकाच्या कडेला कडं लोंबतंय, विचित्र दिसतं, बसताना पोटरीला लागतं. नातू त्याला आता शाळेचं दप्तर अडकवतो. आजी खुश आहेत. वही नसती तर शंभर कड्यांत ती कडी मला सापडली असती का?

आता थोडं ज्यांचा वाडा अजून उभा आहे त्यांच्याशी. तो उतरवायलाच पाहिजे, हे तुम्हाला नक्की कुणी सांगितलं? मी हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतेय हे मला कळतं. बऱ्याच वाड्यांत सांगाडा ठणठणीत असतो, आणि गेलेलं असतं ते खांबाचं खालचं टोक. तळखड्यात पाणी मुरतं, कुसू कुजतं, खांब चार बोटं खचतो, वर भिंतीला तडा जातो आणि सगळे म्हणतात, वाडा गेला. खांब गेलेला नसतो, त्याचा पाय गेलेला असतो. बहालाला टेकू देऊन, कुजलेला फूट-दीड फूट कापून, त्याच मापाचा नवा पाय तिरक्या सांध्याने जोडता येतो. मी अकरा वाड्यांत केलाय. त्यातले नऊ उभे आहेत. उरलेले दोन खांबामुळे गेले नाहीत, भाऊबंदकीमुळे गेले. फुटलेली पाच कौलं वेळेवर बदलली तरी वरची माती भिजत नाही, आणि माती भिजली नाही की कड्यांवर बोजा वाढत नाही. आपला पेशवेकालीन सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे म्हणून त्याची दुरुस्ती सरकारने केली. तुमच्या वाड्याला तसं कुणी येणार नाही, मान्य. पण एकदा आत जाऊन तिथले खांब बघून या, आणि घरी येऊन आपले बघा. माणसं तीच होती हो.

भाडेकरू बंधूभगिनींनो, तुमचं दुखणं मला कळतं. दुरुस्ती केली तर मालकाचा फायदा, नाही केली तर डोक्यावर कडी. तरी गळणारी जागा दाखवून द्या, आणि रागाने तुळईला खिळे मारू नका. भांडण मालकाशी आहे, तुळईशी नाही.

ठेकेदार भाऊ, तुमच्यावर मी चिडले होते, आता तेवढी नाही. तुम्हाला माणसांना दिवस मोजून पैसे द्यावे लागतात, आणि जेसीबीचं भाडं तासावर चढतं. पण हिशेब तुमच्याही फायद्याचा आहे. अख्खा उतरवलेला चौदा फुटी बहाल आणि मोडलेल्या बहालाचे सात-सात फुटी दोन तुकडे, यांच्या भावातला फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नाशकात अजून उतरवण्याचं काम जाणणारे चार-दोन म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांना दोन आठवड्यांची मजुरी देऊन तुमच्या पोरांसोबत एकदा उभं करा. २०२७ च्या सिंहस्थाची लगबग सुरू आहे, रस्ते रुंद होणार, पुढची वर्षं तुम्हाला कामाचा तुटवडा नाही. ते म्हातारे मात्र तोवर थांबतील की नाही सांगता येत नाही. त्यातले एक तर माझे वडीलच, आणि त्यांना आता जिना चढवत नाही.

आणि राहिला माझा चौथा खांब. तो शेडच्या डाव्या भिंतीला आडवा ठेवलाय, कापलेला नाही. आठ बाय आठचा, खाली थोडा जास्त तासलेला. वरच्या कुसवावर चार रेघा, उभ्या, एकाच अंगाला. त्याचे सोबती टेम्पोत गेले ते ज्येष्ठातल्या त्या रात्री. ते कुणा वखारीत, फर्निचरवाल्याकडे किंवा फार्महाउसच्या पोर्चमध्ये उभे असतील तर वरच्या टोकाची माती झाडून बघा. एक, दोन आणि तीन रेघा असतील. नऊ फूट दोन इंच, कुसू धरून. विकत घेईन, नाहीतर माझा तुम्हाला देईन. कुणाकडे का होईना, चौघे एका जागी आले पाहिजेत.

कळावे,

आडगाव नाक्यापलीकडची एक सुतारीण
पंचवटी, नाशिक